अकरा गाणी, तीन नावं आणि एक कोरी जागा



आपल्या मासिकाच्या मराठी विभागाचे दोन विद्यार्थी-संपादक माझ्या केबिनमध्ये आले आणि म्हणाले, "सर, काहीतरी अभ्यासपूर्ण द्या, पण सिग्नल प्रोसेसिंग नको." मी म्हटलं, "बरं, गाण्यांवर लिहितो." दोघं खूश होऊन गेले. सिग्नल प्रोसेसिंग मी मागच्या दाराने आत आणणार आहे, हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं!

तर आजचा धडा एका अल्बमचा. नाव 'द बर्ड्‌स ग्रेटेस्ट हिट्स'. प्रकाशन ऑगस्ट १९६७, कंपनी कोलंबिया, गाणी अकरा. बँड अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसचा. 'बर्ड्‌स' हे नाव त्यांनी इंग्रजीत 'आय'च्या जागी 'वाय' घालून मुद्दाम चुकीचं लिहिलंय. बीटल्सनी आपलं स्पेलिंग वाकवलं होतं, तसंच. 'फोक रॉक' हा शब्द लोकांच्या तोंडी बसला त्यात या पाच पोरांचा वाटा मोठा आहे.

आता तुम्ही म्हणाल, 'बेस्ट ऑफ' अल्बमचा कसला आलाय अभ्यास? दुकानदाराने उरलासुरला माल एका पिशवीत भरून दिला, त्यातलाच प्रकार. मलाही अनेक वर्षं असंच वाटायचं. पण हाच अल्बम मला एक गोष्ट शिकवून गेला, आणि ती शिकायला मला वीस वर्षांहून जास्त काळ लागला. ती गोष्ट शेवटी सांगतो. आधी अभ्यास.

कॅसेट कुठून आली

२००३-०४ साली मी याच कॉलेजच्या होस्टेलवर फायनल इयरला होतो. खोलीत दोन कॉट, एक टेबल, आणि रूम पार्टनरचा एक टेपरेकॉर्डर. त्याचं झाकण तुटलेलं होतं, त्यामुळे कॅसेट बोटाने दाबून धरावी लागे. पार्टनरच्या मुंबईच्या चुलतभावाने त्याला एक कॅसेट भरून दिली होती. लेबलवर बॉलपेनने फक्त 'बर्ड्‌स - ११' लिहिलेलं. ना गाण्यांची नावं, ना गाणाऱ्यांची. आम्ही ती वर्षभर ऐकली. सबमिशनच्या आदल्या रात्री ऐकली, पीएल सुरू झाल्यावर ऐकली, मेसमध्ये सलग तिसऱ्या दिवशी दोडका आला तेव्हाही ऐकली.

गाणी कोणाची, वाजवली कोणी, लिहिली कोणी, हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नाही. 'बर्ड्‌सची गाणी', विषय संपला. इथेच पहिली चूक झाली. पुढे पगार सुरू झाल्यावर मी ओरिजिनल सीडी घेतली आणि पहिल्यांदाच मागचं कव्हर नीट वाचलं. प्रत्येक गाण्याच्या नावाशेजारी कंसात बारीक अक्षरात नावं छापलेली होती. त्या कंसांनीच मला कामाला लावलं.

अकरा गाण्यांचा हिशोब

कागद-पेन्सिल घ्या. अकरापैकी चार गाणी बॉब डिलनची आहेत: 'मिस्टर टॅम्बरीन मॅन', 'ऑल आय रिअली वाँट टू डू', 'चाइम्स ऑफ फ्रीडम' आणि 'माय बॅक पेजेस'. दोन गाण्यांच्या मागे पीट सीगर हा जुना लोकगायक उभा आहे: 'टर्न! टर्न! टर्न!' आणि 'द बेल्स ऑफ रिम्नी'. म्हणजे अकरातली सहा गाणी बाहेरची! बँडची स्वतःची पाचच. त्यातलं एक जीन क्लार्कचं, दोन रॉजर मॅग्विनची, एक मॅग्विन आणि क्रिस हिलमन यांचं मिळून, आणि एक क्लार्क, मॅग्विन व डेव्हिड क्रॉस्बी अशा तिघांचं.

मग या बँडने केलं काय? नुसतं दुसऱ्यांचं गायलं? हा प्रश्न व्हायवाला विचारण्यासारखा आहे, म्हणून जरा खोलात जाऊ.

अमेरिकेत १९६० च्या आसपास लोकगीतांची मोठी लाट होती. एक गिटार, एक आवाज, आणि सांगण्यासारखं काहीतरी. वीज नको, ड्रम नको, शब्द महत्त्वाचे. दुसऱ्या बाजूला १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकेत आले आणि तरुण पोरं वेडी झाली. मॅग्विन हा लोकगीतांच्या शाळेतला गिटारवाला. (त्याचं तेव्हाचं नाव जिम, १९६७ मध्ये तो रॉजर झाला.) त्याने बीटल्सचा 'अ हार्ड डेज नाइट' हा सिनेमा पाहिला. त्यात जॉर्ज हॅरिसनच्या हातात रिकेनबॅकर कंपनीचं बारा तारांचं इलेक्ट्रिक गिटार होतं. मॅग्विनने स्वतःही तसलंच घेतलं. शब्द लोकगीतांचे आणि वीज बीटल्सची, असं जोडकाम तिथून सुरू झालं.

डिलनचं 'मिस्टर टॅम्बरीन मॅन' मूळचं चार कडव्यांचं, साडेपाच मिनिटांचं. बर्ड्‌सनी त्यातलं एकच कडवं ठेवलं, ध्रुपद ठेवलं, ताल बदलला, वर तीन आवाजांची हार्मनी चढवली आणि गाणं अडीच मिनिटांच्या आत बसवलं. डिलनची स्वतःची रेकॉर्ड मार्च १९६५ मध्ये बाजारात आली, पण बर्ड्‌सनी त्याआधीच, जानेवारीत, आपलं रेकॉर्डिंग करून ठेवलं होतं. एप्रिलमध्ये त्यांचं गाणं निघालं आणि अमेरिका आणि इंग्लंड दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेलं. डिलन न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला आणि लोकांनी गोंधळ घातला, ते जुलै १९६५ मध्ये. म्हणजे पोरं मास्तरच्या चार पावलं पुढे होती.

'टर्न! टर्न! टर्न!'ची गोष्ट आणखी मजेशीर. त्याचे जवळजवळ सगळे शब्द बायबलमधले आहेत. जुन्या करारात एक पुस्तक आहे, मराठी बायबलमध्ये त्याला 'उपदेशक' म्हणतात. प्रत्येक गोष्टीला तिचा काळ असतो, असं सांगणारा तो उतारा. सीगरने १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्याला चाल लावली, 'टर्न' हे पालुपद जोडलं आणि शेवटी शांततेची एक ओळ आपल्या पदरची घातली. बर्ड्‌सचं हे गाणं डिसेंबर १९६५ मध्ये अमेरिकेत पहिलं आलं. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचे शब्द पॉपच्या यादीत पहिल्या क्रमांकावर!

आणि 'बेल्स ऑफ रिम्नी'? ती वेल्समधल्या कोळसा खाणींची कविता आहे. कवी इड्रिस डेव्हिस. तो स्वतः खाणीत काम केलेला माणूस. १९२६ च्या मोठ्या संपानंतर त्याचं काम गेलं, मग शिकून तो शिक्षक झाला. ही कविता १९३८ मध्ये छापलेल्या त्याच्या पुस्तकातली. सीगरने तिला चाल लावली, ती बर्ड्‌सकडे आली, आणि मॅग्विनने त्यात वाजवलेली गिटारची ओळ जॉर्ज हॅरिसनला इतकी आवडली की तिच्यावरून त्याने 'इफ आय नीडेड समवन' हे गाणं बांधलं. तसं त्याने उघडपणे मान्यही केलं. पाहा हं: हॅरिसनचं गिटार पाहून मॅग्विन शिकला, मॅग्विनची ओळ ऐकून हॅरिसन शिकला. आपल्याकडे याला कोणी 'कॉपी' म्हणेल. मी म्हणेन नाव घेऊन केलेली देवाणघेवाण. 'नाव घेऊन' हे शब्द अधोरेखित करून ठेवा, पुढे लागणार आहेत.

बारा तारा आणि एक कॉम्प्रेसर

आता मागचं दार उघडतो. संपादकांनी क्षमा करावी.

बर्ड्‌सचं गिटार ऐकलंत की घंटांचा घोस हलल्यासारखं वाटतं. हा नाद येतो कुठून? बारा तारा म्हणजे सहा जोड्या. जाड बाजूच्या चार जोड्यांत एक तार मूळ स्वराची आणि दुसरी वरच्या सप्तकातली. सर्वांत जाड तार साधारण ८२ हर्ट्झवर, तर तिची जोडीदार १६४ वर. बारीक बाजूच्या दोन जोड्यांत मात्र दोन्ही तारा एकाच स्वरात. पण माणसाने लावलेल्या दोन तारा कधी शंभर टक्के जुळत नाहीत. एक ३३० हर्ट्झ आणि दुसरी ३३१ असेल, तर दर सेकंदाला एक हेलकावा येतो. फर्स्ट इयरच्या फिजिक्समधले 'बीट्स' ते हेच. तुम्ही ते पाच मार्कांसाठी पाठ केलेत. मॅग्विनने त्यावर पोट भरलं.

पण एक अडचण होती. या गिटारचा स्वर छेडल्याबरोबर ठणकतो आणि लगेच मरतो. सतारीसारखी आस राहत नाही. कोलंबियाच्या स्टुडिओतला इंजिनिअर रे गेरहार्ट याने हा सिग्नल कॉम्प्रेसरमधून नेला, तोही चांगला दाबून. कॉम्प्रेसर काय करतो? मोठा आवाज आला की गेन कमी करतो, आवाज उतरला की गेन परत सोडतो. सुरुवातीचा ठणका बसतो, मागची शेपटी वर येते. मग सगळ्या सिग्नलची पातळी उचलली की स्वर लांबतो आणि चमकतो. म्हणजे ज्याला आपण 'बर्ड्‌सचा आवाज' म्हणतो तो अर्धा तारांचा आणि अर्धा काचेपलीकडे बसलेल्या इंजिनिअरचा. मागच्या कव्हरवरच्या त्या कंसांत मात्र इंजिनिअर नाही.

'एट माइल्स हाय' ऐकताना याचा खरा फायदा कळतो. १९६५ च्या हिवाळ्यात दौऱ्यावर असताना या मंडळींकडे एकच टेप सतत वाजत होती: त्यावर जॉन कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन आणि आपल्या पंडित रविशंकरांची सतार. रविशंकर लॉस एंजेलिसच्या ज्या वर्ल्ड पॅसिफिक स्टुडिओत ध्वनिमुद्रण करत, तिथेच बर्ड्‌सनी सुरुवातीच्या तालमी केल्या होत्या, त्यामुळे ती ओळख जुनी. कोल्ट्रेनच्या एका रचनेचं नावच 'इंडिया' आहे. तिच्यातला एक छोटा स्वरसमूह मॅग्विनने उचलला आणि गिटारवर सॅक्सोफोनसारखा लांब, सलग वाजवायचा प्रयत्न केला. कॉम्प्रेसर नसता तर ते जमलं नसतं. १९६६ चं हे गाणं. गाण्यात विमानाने लंडनला गेल्याची हकिगत आहे, पण नावातल्या 'हाय'चा अर्थ काहींनी नशा असा लावला, बऱ्याच रेडिओ स्टेशन्सनी ते बाजूला ठेवलं आणि गाणं १४ व्या क्रमांकावर अडकलं.

प्रोजेक्ट कोणी केला, व्हायवा कोणी दिली

आता नाजूक मुद्द्याकडे येतो.

'मिस्टर टॅम्बरीन मॅन' ऐकताना मला वाटायचं, पाच जण वाजवतायत. प्रत्यक्षात त्या रेकॉर्डिंगमध्ये बँडमधल्या फक्त मॅग्विनने वाद्य वाजवलं. बाकी वाद्यं लॉस एंजेलिसच्या पगारी वादकांची: ड्रमवर हॅल ब्लेन, बासवर लॅरी नेक्टेल, शिवाय जेरी कोल आणि लिऑन रसेल. निर्माता टेरी मेल्चरला बँडच्या तयारीचा भरवसा नव्हता. क्लार्क आणि क्रॉस्बीने फक्त आवाज दिला. हिलमन आणि ड्रमर मायकेल क्लार्क तर त्या गाण्यात नाहीतच. कव्हरवरच्या फोटोत मात्र पाचही जण आहेत!

त्यांची खिल्ली उडवण्याआधी पुढचं ऐका. हिलमन मुळात मँडोलिन वाजवणारा, बास गिटार त्याने बँडसाठी हातात घेतलं. ड्रमरकडे सुरुवातीला ड्रमच नव्हते, तो पुठ्ठ्याच्या खोक्यांवर सराव करायचा. (होस्टेलमध्ये बादलीवर ताल धरणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) पण त्या पहिल्या सिंगलनंतर या पोरांनी आपापली वाद्यं स्वतः वाजवली. मॅग्विनने नंतर सांगितलंय की पगारी वादकांबरोबर तीन तासांत दोन गाणी झाली, आणि 'टर्न! टर्न! टर्न!'ला बँडला सत्तराहून जास्त टेक द्यावे लागले. मला त्या सत्तर टेकचा आदर वाटतो. कॉलेज म्हणजे दुसरं काय असतं? पहिलं गाणं कोणीतरी वाजवून देतं, दुसरं आपल्याला घाम गाळून बसवावं लागतं.

पण माझं मन अडकलं ते जीन क्लार्कपाशी. सुरुवातीच्या काळात बँडमध्ये सर्वांत जास्त गाणी लिहिणारा हाच. साहजिकच गाण्यांचे पैसेही त्याला जास्त मिळायचे, आणि त्यावरून इतरांच्या मनात कुरबुर होती. त्यात त्याला विमानाची भीती. १९६६ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कला निघालेल्या विमानात तो बसला आणि उड्डाणाआधीच घाबरून उतरला. तिथून तो बँडमधूनही बाहेर पडला. विमानावरच्या ज्या गाण्यात त्याचा हात होता, ते बाजारात आलं तेव्हा तो बँडमध्ये नव्हता.

आता परत आपल्या अल्बमकडे. पहिली बाजू सहा गाण्यांची, सगळी १९६५ ची. दुसरी बाजू पाच गाण्यांची, १९६६ आणि १९६७ ची. एका बाजूला क्लार्कचा आवाज सगळीकडे आहे, दुसऱ्या बाजूला पहिल्याच गाण्यानंतर तो नाहीसा होतो. कॅसेट उलटली की माणूस गायब! आम्ही ती शेकडो वेळा उलटली, आमच्या लक्षात आलं नाही.

आणि निवड कशी झाली तेही बघा. 'फाइव्ह डी' हे गाणं अमेरिकेच्या यादीत ४४ व्या क्रमांकापर्यंत गेलं, ते अल्बममध्ये आलं. 'इट वोंट बी राँग' ६३, 'हॅव यू सीन हर फेस' ७४ आणि क्लार्कने लिहिलेलं 'सेट यू फ्री धिस टाइम' ७९. ही तिन्ही सिंगल्स राहिली. ठीक, 'हिट्स'च्या यादीत पडेल गाणी कशाला. पण मग 'बेल्स ऑफ रिम्नी' आणि 'चाइम्स ऑफ फ्रीडम' ही तर पहिल्या अल्बममधली गाणी, सिंगलची मुख्य बाजू कधी नव्हतीच, ती घेतली. म्हणजे नियम फक्त आकड्यांचा नव्हता. कोणीतरी बसून ठरवलं होतं की हे राहील आणि हे जाईल. प्रत्येक 'बेस्ट ऑफ' यादीमागे असा एक कोणीतरी असतो, आणि त्याचं कारण कव्हरवर छापलेलं नसतं.

अल्बम बिलबोर्डच्या यादीत ६ व्या क्रमांकापर्यंत गेला, आणि बर्ड्‌सचा सर्वांत जास्त खपलेला अल्बम हाच ठरला. बाजारात आल्यावर दोन महिन्यांनी, ऑक्टोबर १९६७ मध्ये, क्रॉस्बीला बँडमधून काढलं. वर्ष संपता संपता मायकेल क्लार्कही गेला. म्हणजे हा अल्बम म्हणजे घर मोडण्याच्या अगदी आधी काढलेला ग्रुप फोटो, आणि त्यातला एक भाऊ तर आधीच घर सोडून गेलेला.

आमची यादी

आता ती गोष्ट सांगतो, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप.

फायनल इयरला आमचा चौघांचा प्रोजेक्ट ग्रुप होता. मी, माझा रूम पार्टनर आणि आणखी दोघं. विषय: ऑडिओ कॉम्प्रेसर. कल्पना पार्टनरची. गंमत म्हणजे बर्ड्‌सच्या गिटारमध्ये कॉम्प्रेसर आहे हे तेव्हा आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. त्याला फक्त टेपरेकॉर्डरचा फाटका आवाज सुधारायचा होता. त्याने एक एलईडी आणि एक एलडीआर समोरासमोर ठेवून वरून काळी टेप गुंडाळली. आवाज वाढला की एलईडी जास्त पेटणार, उजेड पडला की एलडीआरचा रेझिस्टन्स उतरणार, आणि सिग्नलचा काही भाग ग्राउंडला जाणार. साधं, स्वस्त, आणि चालणारं. आम्ही तिघं ब्रेडबोर्डवर ७४१ लावून घाम पुसत बसलो होतो तेव्हा याचं सर्किट 'बर्ड्‌स - ११' वाजवत होतं.

फेब्रुवारीत त्याचे वडील आजारी पडले. तो गावी गेला तो दीड महिना आलाच नाही. अटेंडन्स कमी पडली, टर्म ग्रँट झाली नाही, वर्ष गेलं. त्याच्या नावाने सर्टिफिकेट निघणं शक्य नव्हतं, तो नियम होता, आणि नियमाबद्दल माझी तक्रार नाही. रिपोर्टवर तीन नावं आली. सर्किट त्याचं, व्हायवा आमची. एक्स्टर्नलने विचारलं, "ही ऑप्टिकल आयडिया कोणाची?" मी म्हणालो, "सर, आम्हा तिघांची."

सर्टिफिकेटवर नाव घालता येत नव्हतं, पण पुढच्याच पानावर ऋणनिर्देश होता. त्यात आम्ही प्राचार्यांचे आभार मानले, विभागप्रमुखांचे मानले, गाइडचे, लॅब असिस्टंटचे, आईवडिलांचे आणि 'ज्ञात-अज्ञात सर्वांचे' मानले. पान अर्ध्यावर संपलं होतं. खाली चांगली चार बोटं कोरी जागा होती. त्याचं नाव आम्ही लिहिलं नाही. का? कारण लिहिलं असतं तर प्रश्न आला असता, आणि उत्तर द्यावं लागलं असतं. मार्क चांगले पडले. तो पुढच्या वर्षी परत आला, दुसऱ्या ग्रुपमध्ये दुसरा विषय घेऊन पास झाला. मला कधी एक शब्द बोलला नाही. तो बोलला नाही म्हणून मीही तो विषय काढला नाही, आणि वर्षं गेली.

ओरिजिनल सीडीचं मागचं कव्हर वाचताना मला जे दिसलं ते आता सांगतो. मी घेतलेली प्रत १९९९ च्या नव्या आवृत्तीची होती. त्यात अकरा नव्हती, चौदा गाणी होती. १९६७ मध्ये वगळलेली ती तीन सिंगल्स शेवटी जोडलेली होती: ६३ वालं, ७४ वालं, आणि ७९ वालं. बत्तीस वर्षांनी का होईना, क्लार्कचं ते गाणं आत आलं होतं, शेजारच्या कंसात त्याच्या नावासकट. ते ऐकायला तो स्वतः नव्हता. जानेवारी १९९१ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या समारंभात पाचही जण पुन्हा एकत्र उभे राहिले. त्यानंतर चार महिन्यांनी क्लार्क वारला. मायकेल क्लार्क १९९३ मध्ये, क्रॉस्बी २०२३ मध्ये.

ते कव्हर वाचून मी सीडी ठेवून दिली आणि आणखी काही वर्षं गप्प बसलो. माणूस असा असतो. मग मी याच विभागात शिकवायला आलो. गेल्या वर्षी कपाट आवरताना आमचा तो काळ्या बाइंडिंगचा रिपोर्ट हातात आला. उघडला. ऋणनिर्देश. कोरी जागा जशीच्या तशी होती.

त्या संध्याकाळी पार्टनरला फोन केला. तो आता तालुक्याच्या गावी साउंड सिस्टिमचा व्यवसाय करतो, लग्नात आणि गणपतीत त्याला बोलायला वेळ नसतो. मी सगळं सांगितलं. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अरे, मला वाटलं तू विसरलास." मी विचारलं, "मॅगझिनमध्ये तुझं नाव घालून लिहू का?" म्हणाला, "मॅगझिनमध्ये नको. रिपोर्टवर लिही. तिथलं राहिलंय." आणि फोन ठेवता ठेवता, "आणि माझी कॅसेट परत कर आधी."

विभागप्रमुखांची रीतसर परवानगी घेतली. एक चिठ्ठी टाइप केली: सर्किटची मूळ कल्पना, आराखडा आणि चाचणी, आणि पुढे त्याचं पूर्ण नाव. त्या कोऱ्या जागेत ती डिंकाने चिकटवली, खाली तारीख घातली आणि सही केली. सर्टिफिकेटवर तीनच नावं आहेत आणि ती तशीच राहतील. झालेला इतिहास मला बदलायचा नाही. पण पुढचं पान आता खरं आहे. ज्याला बघायचं असेल त्याने विभागाच्या कपाटात दुसऱ्या फळीवर बघावं.

स्वाध्याय

धड्याच्या शेवटी स्वाध्याय हवाच.

एक. हा अल्बम मिळवा आणि गाण्यांची नावं न वाचता एकदा सलग ऐका. मग प्रत्येक गाण्यापुढे लिहिणारा, चाल लावणारा आणि वाजवणारा अशी तीन खाण्यांची यादी करून पुन्हा ऐका. दुसऱ्यांदा ऐकलेलं गाणं वेगळं लागतं की नाही, मला येऊन सांगा.

दोन. 'टॅम्बरीन मॅन'च्या अगदी सुरुवातीची गिटार हेडफोनवर ऐका. स्वर छेडल्यावर किती वेळ टिकतो ते मोजा. मग होस्टेलमधल्या कोणाचंही साधं गिटार त्याच पट्टीत छेडा आणि पुन्हा मोजा. फरक लिहून काढा. हवं तर एलईडी आणि एलडीआर मी देतो, काळी टेप तुमची.

तीन. फायनल इयरवाल्यांसाठी. तुमचा रिपोर्ट अजून बाइंडिंगला गेला नसेल, तर आज रात्री ऋणनिर्देशाचं पान उघडा. 'ज्ञात-अज्ञात' हे शब्द खोडा. अज्ञात कोणी नसतं, आपल्याला सगळी नावं माहीत असतात. ती लिहा. मला लागली तेवढी वर्षं तुम्ही लावू नका.

कॅसेट मी कुरिअरने पाठवली. टेप जुनी झालीय, वाजेल की नाही सांगता येत नाही. पण लेबल नवीन लावलंय. अकरा गाणी, आणि प्रत्येकापुढे कंसात नाव.